कुठल्या हिरव्यात

अकरा वर्षं मी वर बघून पोट भरलं.
स्प्रूसची उंची, पाइनचा घेर,
शेंड्याला कीड आहे का,
आणि रात्री मानेला मलम.
खाली जे काही असतं
त्याला आमच्या फॉर्मवर एकच रकाना:
खालची वाढ, टक्क्यांत.
मी चाळीस लिहायचो.
घाईत असलो की तीस.

त्या सप्टेंबरात, व्होरूच्या दक्षिणेला,
गट क्रमांक एकशे चौदामध्ये
झाडाचं वय काढायची सळई हातातून निसटली.
पोलादी, उदबत्तीएवढी.
हरवू नये म्हणून टोकाला लाल रंग मीच दिलेला,
आणि त्या दिवसांत खाली जे पिकलं होतं
ते सगळं लालच.

एल्फ्रीडे बादली घेऊन पोह्ल वेचत होती.
पाठ अशी, की उभी राहिली तरी वाकलेलीच.
"काय पडलं?"
सांगितलं.
"कुठं?"
"इथंच. खाली. हिरव्यात."
"कुठल्या हिरव्यात?"

मी बोट दाखवलं.
तिनं बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही.
"पडताना खरखरलं का?"
आठवेना.
"खरखरलं असेल तर पुहमासमध्ये."
पुहमास. परीक्षेपुरता पाठ केलेला शब्द:
अंगात लाकूड, पण गुडघ्याच्या वर जायचं नाही.
झाड होण्याची घाई नसलेलं झाड.
तिनं ब्लूबेरीच्या फांद्या केसांसारख्या विंचरल्या,
बोटं निळी झाली, सळई नाही.

"मग मऊ पडलं असेल."
ती सरकली, मीही रांगत सरकलो,
आयुष्यात पहिल्यांदा जंगलाच्या कमरेखाली.
यॅनेसेकाप्सास, म्हणजे सशाची कोबी.
तीन पानं तिनं न विचारता माझ्या तोंडात कोंबली.
आंबुशीच्या घराण्यातली, जीभ आकसली.
"कळलं ना? आता विसरणार नाहीस."
इथंही नाही.

पुढं लेसेलेह्त. विधवेचं पान.
असं नाव का, मी विचारलं.
"फुलणारीला दोन पानं, न फुलणारीला एक.
बाकीचं तू ठरव."
तिच्या हातमोज्याच्या भोकातून
एक बोट बाहेर आलं होतं.
मी काहीच ठरवलं नाही.

गुडघे भिजले. शेवाळ्याला
शेवाळं म्हणालो, तर तिनं
तीन निरनिराळ्या शेवाळ्यांवर माझा तळवा दाबला
आणि गप्प बसली.
मग एका कुजक्या खोडाशी थांबली.
"हाराक्कुल्युस," इतक्या हळू म्हणाली
की जणू झोपलंय कुणी.
हाराकास पक्ष्याचं घुंगरू.
घुंगरं उन्हाळ्यातच वाजून गेलेली,
आता नुसता दोरा, शेवाळ्यावरून सरपटणारा.
आणि दोऱ्याला समांतर, अगदी लगटून,
माझी सळई.

"हे बघ," ती म्हणाली, "हिरव्यात नव्हतं."

त्या दिवशी मी चाळीस खोडलं,
समासात चार नावं लिहिली, बारीक अक्षरात.
ऑफिसातून वाइकेचा फोन आला:
"ही काय किराण्याची यादी आहे?"
तिनं चाळीस परत घातलं.
तिचं चुकलं नाही,
रकान्यात आकडाच मावतो.

जानेवारीत, जमीन गोठल्यावर, यंत्र आलं.

जुलैत मी पुन्हा गेलो, मोजायला बुंधेच होते.
ऊन थेट जमिनीपर्यंत पोचलेलं,
सशाची कोबी कुठं दिसली नाही,
ब्लूबेरीची पानं अवेळी तांबूस,
मधूनमधून गवत घुसू लागलेलं,
त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं.
एल्फ्रीडेच्या घराला कुलूप. शेजारी म्हणाला,
लेकीकडे गेलीय, तार्तूला,
चौथ्या मजल्यावर.

सळई मी मुद्दाम हातातून सोडली.
उभ्या उभ्याच दिसली.